काविळीने गेले

परवा धाकट्या चुलतभावाचा फोन आला. एरवी त्याचा फोन येतो तो गणपतीला गावी कधी निघायचं हे ठरवायला. या वेळी सुरुवातच वेगळी.

"ताई, बाबांना कसली कावीळ झाली होती गं? ए की बी?"

झालं होतं असं. त्याच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफी झाली आणि त्यात यकृतावर चरबी दिसली. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला यकृताचा आजार होता का? हा म्हणाला, मी आठ वर्षांचा असताना वडील काविळीने गेले. डॉक्टर म्हणाले, कसली कावीळ ते घरी विचारून या. आईला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून मला फोन.

"बघते, विचारते कुणाला तरी," असं म्हणून मी फोन ठेवला. खरं तर कुणाला विचारायची गरजच नव्हती. मला माहीत होतं. माझ्या आईला माहीत होतं, आत्याला माहीत होतं, चाळीतल्या पंधरा खोल्यांना माहीत होतं. ज्याचे वडील गेले त्यालाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे माणूस दारूनं मरत नाही, काविळीनं मरतो. तुमच्याकडेही असंच असेल. आठवून बघा, चाळिशीत "काविळीने" गेलेला एखादा मामा, एखादा शेजारी. कावीळ हा शब्द सोयीचा आहे. ती कुणालाही होते, पाण्यातून होते, त्यात कुणाचा दोष नसतो. पण कावीळ हा मुळात रोगच नव्हे, ते लक्षण आहे. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृताला ते जमेनासं झालं की डोळे आणि कातडी पिवळी पडते. का जमेनासं झालं, हा पुढचा प्रश्न. आमच्या घरात तो पुढचा प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षं कुणी विचारला नाही.

म्हणून आज काकांबद्दल लिहायला बसले आहे. काकीला विचारून लिहिते आहे. ती काय म्हणाली ते शेवटी सांगते.

*

काका १९६४ साली गावाहून मुंबईला आला. सतरा वर्षांचा. आधी गिरणीत बदली कामगार, मग कायम. लालबागच्या चाळीत आमच्याच खोलीत राहायचा. उंच, हसरा, आवाज खणखणीत. चाळीच्या गणेशोत्सवात एकदा त्यानं 'एकच प्याला'तल्या एका प्रवेशात तळीरामाचं काम केलं होतं आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या, असं बाबा सांगायचे. पुढे हे सांगणं त्यांनी बंद केलं.

तो प्यायला कधी लागला याची तारीख नाही. पाळी सुटल्यावर चार मित्रांबरोबर सुरुवात झाली असणार. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. काका त्यांतला एक. काकी आणि मुलगा गावी गेले, काका मिळेल ते काम करत आमच्याकडे राहिला. आता दारू संध्याकाळची राहिली नव्हती. सकाळी हात थरथरायचे आणि थोडी घेतल्यावर थांबायचे. आम्ही मुलं ते बघायचो आणि ती थंडी आहे असं आम्हाला सांगितलं जायचं.

मला सगळ्यात लख्ख आठवतो तो १९८४चा श्रावण. आजीनं शपथ घातली आणि काकानं ठरवलं, यंदा श्रावण पाळायचा. गटारीला मनसोक्त पिऊन दुसऱ्या दिवसापासून एक थेंबही नाही. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, झोप नाही. तिसऱ्या रात्री तो उठून बसला आणि भिंतीवरचे किडे झटकायला लागला. भिंतीवर काही नव्हतं. त्याला खोलीत माणसं दिसत होती, तो त्यांच्यावर ओरडत होता, अंग भाजत होतं, सगळं शरीर कापत होतं. शेजारच्या चाळीतल्या एका अंगात येणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, बाहेरचं आहे. अंगारा लावला, लिंबू उतरवलं. पहाटे कुणा जाणत्या मित्रानं गुपचूप अर्धा ग्लास पाजला आणि तासाभरात काका शांत झोपला.

घरानं यातून दोन निष्कर्ष काढले. एक, श्रावण मोडला म्हणून देव कोपला. दोन, त्याला आता दारूच लागते. पहिल्याबद्दल मी काही बोलत नाही. दुसरा निष्कर्ष अर्धा बरोबर होता आणि ते अर्धं बरोबर असणंच घातक ठरलं.

*

त्या रात्री आमच्या खोलीत जे घडलं त्याला १८१३ सालापासून नाव आहे. थॉमस सटन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं त्याला 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हटलं. साध्या शब्दांत, कंप आणि भ्रम. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी झगडत जास्तीच्या जोरानं चालायला शिकलेला असतो. दारू अचानक काढून घेतली की गुंगी जाते, पण तो जोर तसाच राहतो. मग थरथर, घाम, कधी फिट, आणि साधारण दोन ते चार दिवसांनी हा भ्रम. थोडी दारू दिली की तो शमतो, कारण मेंदूला हवा असलेला ब्रेक मिळतो. म्हणून "त्याला दारूच लागते" हे त्या घटकेपुरतं खरं. पण उपाय दारू हा नव्हता. त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं. गुंगीची औषधं बेताबेतानं देऊन आणि कमी करत हा काळ पार करता येतो. सोबत बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, द्यावं लागतं, कारण सतत पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. उपचार झाले नाहीत तर या झटक्यात माणूस दगावतोसुद्धा.

आपल्याकडे दर वर्षी लाखो लोक श्रावण पाळतात आणि त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही, कारण ते अधूनमधून घेणारे असतात. पण ज्याचा हात सकाळी थरथरतो त्यानं गटारीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मनानं एकदम दारू सोडणं हे पुण्याचं नव्हे, जिवावरचं काम आहे. त्यानं सोडायची नक्की, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. या लेखातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

आणि यकृत? १७९३ साली मॅथ्यू बेली या डॉक्टरनं शवविच्छेदनांवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवलं होतं की गाठाळ, घट्ट झालेलं यकृत दारू पिणाऱ्यांमध्ये जास्त आढळतं. १८१९ साली रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरनं (स्टेथोस्कोप शोधणारा तोच) त्या विकाराला 'सिरॉसिस' हे नाव दिलं. पिवळट-तपकिरी रंगाच्या ग्रीक शब्दावरून, कारण ते यकृत तसं दिसतं. १८०४ साली थॉमस ट्रॉटर या आरमारातल्या डॉक्टरनं लिहिलं की दारूची सवय हा मनाचा आजार आहे. १८४९ साली स्वीडनच्या मॅग्नस हुस यानं या सगळ्या अवस्थेला 'अल्कोहोलिझम' हे नाव दिलं.

फार लांब जायलाही नको. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'मदात्यय' म्हणजे अतिमद्यपानातून होणाऱ्या रोगावर एक अख्खा अध्याय आहे. त्यात लक्षणं आहेत, प्रकार आहेत, उपचार आहेत. म्हणजे हा रोग आहे आणि त्याला वैद्य लागतो, ही गोष्ट आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवली होती. १९८४ साली लालबागच्या एका खोलीत मात्र ती पोचली नव्हती.

का पोचली नाही, याचा विचार करताना मला वाटत राहतं, की मधल्या शंभर वर्षांत आपण दारूकडे तीन नजरांनी पाहिलं. महसूल म्हणून, पाप म्हणून आणि गुन्हा म्हणून. रोग म्हणून पाहायची पाळी फार उशिरा आली.

*

आधी महसूल. कोकण किनाऱ्यावर माडी-ताडी आणि आतल्या डोंगराळ भागात मोहाची दारू या जुन्याच गोष्टी. भंडारी माड चढायचे, आदिवासी घरच्या घरी मोहाची फुलं गाळायचे. १८७८चा मुंबई अबकारी कायदा आला आणि हे सगळं सरकारच्या हिशेबात गेलं. झाडांवरचा कर वाढला, घरगुती गाळप बंद पडलं, मोठ्या भट्ट्या आणि मक्तेदार आले. मुंबईला लागणारी मोहाची दारू उरणला गाळली जायची. १८९२च्या कायद्यानं तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची नुसती फुलं बाळगण्यावरसुद्धा निर्बंध आले. दारू थांबली नाही. घरातली दारू दुकानात गेली, आणि दुकानावर मक्ता असल्यामुळे ती जितकी खपेल तितकी सरकारला आणि मक्तेदाराला हवीच होती. हळूहळू अबकारी उत्पन्न हा मुंबई इलाख्याच्या तिजोरीचा एक मोठा खांब झाला.

हे लोकांच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा, १८८० साली, शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांबद्दल त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली होती. १९०८ साली टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झालं, स्वयंसेवक दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवू लागले. १९२२ साली दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींमध्ये देवीची चळवळ उसळली. अंगात आलेल्या देवीनं सांगितलं, दारू-ताडी सोडा, आणि गावंच्या गावं सोडायला तयार झाली. त्यामागे भक्ती होती, तसंच दारूच्या दुकानदाराकडे गेलेल्या जमिनींचं दुःखही होतं.

मग पाप. इथे 'एकच प्याला' आल्याशिवाय मराठी माणसाचं पान हलत नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक बडोद्याला रंगभूमीवर आणलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, सुधाकराच्या भूमिकेत गणपतराव बोडस. त्या नाटकानं किती जणांची दारू सुटली ठाऊक नाही, पण मराठीला 'तळीराम' हा शब्द कायमचा मिळाला.

परवा मी ते नाटक पुन्हा वाचलं. लहानपणी वाटायचं, हे एका बिघडलेल्या माणसाचं नाटक आहे. आता वेगळंच दिसलं. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळापुरती रद्द होते, आणि ते सहन होत नाही म्हणून तळीराम त्याला पहिला प्याला देतो. म्हणजे सुरुवात चैनीतून नाही, दुखावलेपणातून आहे. तळीराम आजारी पडतो तेव्हा वैद्य आणि डॉक्टर येतात, तो प्रवेश आहे विनोदी. त्या दोघांच्या वादात रोगी बाजूलाच राहतो. गडकऱ्यांना सगळं दिसलं होतं, फक्त प्रेक्षकांनी घरी नेली ती सिंधूची सोशिकता आणि तळीरामाची नक्कल. आमच्या चाळीनंही नक्कलच नेली.

तिसरी नजर, गुन्हा. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी आणली. तिचे मंत्री होते डॉ. मंचेरशा गिल्डर, पेशानं हृदयरोगाचे डॉक्टर. काही महिन्यांत काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या आग्रहानं १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी आली. हेतू चांगला होता. राज्यघटनेच्या ४७व्या कलमातही तो हेतू आहेच. पण प्यायची तलफ कायद्यानं जात नाही. गूळ आणि नवसागर घालून गाळलेली हातभट्टी ट्यूबमध्ये भरून शहरात येऊ लागली. गोवानीज 'आँटी'च्या घरातले गुप्त गुत्ते निघाले. ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांनी टिंचर आणि पॉलिशसुद्धा प्यायलं. १९६०च्या दशकात बंदी सैल होत गेली, १९७३ साली देशी दारूचे नियम आले. गंमत म्हणजे तो १९४९चा कायदा नाव बदलून आजही महाराष्ट्रात आहे, आणि कागदोपत्री आजही दारू प्यायला परवाना लागतो. किती जणांकडे असतो, ते आपलं आपल्यालाच ठाऊक.

काका मुंबईत आला तो या दिवसांत. त्याची पहिली दारू हातभट्टीचीच असणार.

हातभट्टीचा आणखी एक धोका, तोही सांगून टाकते. दारू 'कडक' करायला कधी तिच्यात मिथेनॉल मिसळतात. ते एक स्वस्त औद्योगिक रसायन आहे. साध्या दारूसारखंच दिसतं, तशीच झिंग आणतं. पण यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. मुंगीच्या डंखात असतं ते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूवर जातं. प्यायल्यावर काही तास, कधी दिवसभर काहीच वाटत नाही, मग पोटदुखी, उलट्या, धूसर दिसणं, अंधत्व, मृत्यू. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत असली दारू पिऊन शंभरावर माणसं गेली. जुलै २०२२ मध्ये दारूबंदी असलेल्या गुजरातेत बोटाद भागात चाळीसच्या वर. मेलेले सगळे गरीब. यावर उतारा आहे, डायलिसिस आहे, पण त्यासाठी वेळेत पोचायला हवं. आणि जिथं पिणं हाच गुन्हा, तिथं "मी प्यायलोय, मला दिसत नाही" असं सांगत दवाखान्यात जायला माणूस घाबरतो. लपवण्याची किंमत ही अशी असते.

दारूबंदी वाईट असं मला म्हणायचं नाही. गडचिरोलीत लोकांनी, विशेषतः बायकांनी, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि १९९३ पासून तिथे दारूबंदी आहे. त्या चळवळीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं मोठं काम आहे. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकानं बंद पाडली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी मात्र २०२१ साली उठली. दारू सहज मिळेनाशी झाली की पिणं कमी होतं, हे खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये वाइनचं रेशनिंग झालं तेव्हा सिरॉसिसनं होणारे मृत्यू झपाट्यानं घटले होते. पण जो आधीच अडकला आहे त्याला नुसतं कुलूप दाखवून भागत नाही. त्याला उपचार लागतात.

*

आता जे लिहायचं आहे ते मला सगळ्यात जड जातं.

काका १९८७च्या पावसाळ्यात गेला. शेवटचे सहा महिने पोट पाण्यानं फुगलेलं, हातपाय काटक्या. डोळे हळदीसारखे. गावाहून कुणी काविळीची माळ आणली होती, ती गळ्यात घातली होती. शेवटी रक्ताची उलटी झाली. यकृत घट्ट झालं की त्यातून जाणारं रक्त अडतं आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, त्या फुटतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त मोरीतली बादली दिसली होती.

त्याच्या आदल्या वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ ला, पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं होतं. त्या वेळी मुंबई-पुण्यात 'गर्द' म्हणजे ब्राउन शुगर पसरत होती. १९८५ साली केंद्रानं अमली पदार्थांचा कडक कायदा केला होता. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे देणगी घेऊन पुढे आले, आणि मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. तिथे पिणाऱ्याला पापी म्हणत नसत, गुन्हेगार म्हणत नसत. तुला एक आजार आहे, तो बरा ठेवता येतो, आणि घरच्यांनाही मदत लागते, असं सांगत. पस्तीस दिवसांचा उपचार. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली, पण काम चालू आहे. आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस, जिथे सोडलेले लोक सोडू पाहणाऱ्यांना हात देतात, ते तर भारतात १९५७ पासून होतं.

म्हणजे लालबागहून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला जिथे पोचला असता, तिथे दार उघडं होतं. आम्ही काकाला कुठे कुठे नेलं? अंगात येणाऱ्या बाईंकडे, माळ देणाऱ्याकडे, गावच्या देवाकडे कौल लावायला. पुण्याला नेलं नाही. कारण पुण्याला न्यायचं तर आधी "याला दारूचा आजार आहे" हे तोंडानं म्हणावं लागलं असतं.

वाचला असता का? सांगता येत नाही. यकृत बिघडतं ते पायरीपायरीनं. आधी चरबी साठते, मग सूज येते, मग व्रण पडून ते कडक होतं. पहिल्या पायरीवर दारू थांबवली तर यकृत बहुधा पूर्ववत होतं. दुसऱ्या पायरीवरही बरीच आशा असते. तिसरी पायरी उलटत नाही, पण तिथेही दारू सुटली तर आयुष्य वाढतं. १९८४च्या त्या श्रावणात काका कितव्या पायरीवर होता, आता कोण सांगणार?

चुलतभाऊ मात्र पहिल्या पायरीवर आहे.

त्याच्या यकृतावरची चरबी कदाचित दारूची नसेलही. पोट सुटलंय, बैठं काम आहे, साखर काठावर आहे. पण "शनिवारी तीन-चार बिअर, त्याला काय पिणं म्हणतात का" असं तोही म्हणतो. आणि आता जुळ्यांवरच्या आणि दत्तक मुलांवरच्या अभ्यासांतून हे कळलेलं आहे की दारूच्या व्यसनाची निम्मी जोखीम अनुवंशातून येते. निम्मी म्हणजे नशिबात लिहिलेलं नव्हे, उरलेली निम्मी आपल्या हातात असते. पण हातात असायला आधी माहीत तर हवं! दारू कर्करोगाला कारण होते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ सालीच जाहीर केलं होतं, आणि दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही असं त्या संघटनेनं २०२३ साली सांगितलं. हे सगळ्यांसाठी. ज्याचे वडील चाळिशीत गेले त्याच्यासाठी जरा जास्तच.

*

गेल्या रविवारी काकीकडे गेले. चहा झाला. मी म्हटलं, काकी, तो विचारतोय. तिनं विचारलं नाही काय विचारतोय. उठून कपाट उघडलं, साड्यांखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत काकाचा केस पेपर. घड्यांवर फाटलेला. काकीला इंग्रजी येत नाही. मी वाचलं, 'अल्कोहोलिक सिरॉसिस'. तिनं मान हलवली. म्हणजे तिला अक्षरं येत नव्हती, पण काय लिहिलंय ते ठाऊक होतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं.

म्हणाली, "लोक त्याला दारुडा म्हणायचे. तो गेल्यावर तरी म्हणू नयेत, म्हणून मी कावीळ म्हणत आले. पोराला शाळेत कुणी चिडवू नये म्हणून. पण त्याचं नाव राखायच्या नादात पोराचं काही होणार असेल, तर सांग त्याला. तूच सांग, मला रडू येईल." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि हे पण सांग, की तो वाईट नव्हता. त्यानं सोडायचा प्रयत्न केला होता."

केला होता, काकी. त्या श्रावणात आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. तो प्रयत्न कसा करायचा हे त्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

संध्याकाळी मी भावाला फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे डॉक्टरांना ए की बी, काय सांगू?"

म्हटलं, "केस पेपर घेऊन जा. त्यावर लिहिलंय."

तो परवा जाऊन आला. डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद आणि रोज चालायला सांगितलं आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बघू.

घरातली पुढची पिढी हे वाचते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. उद्या तुम्हाला कुणी विचारलं, तुमच्या घरात यकृताचा आजार कुणाला होता का, तर कावीळ म्हणू नका. आजोबा दारूच्या आजारानं गेले, असं सरळ सांगा. तुमच्या ओळखीत कुणी अडकलं असेल तर सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत मदतवाहिनी आहे, फोन करा. आणि जमलं तर काकाला तळीराम म्हणून आठवू नका. आवाज खणखणीत होता त्याचा.